ओटीतलं वजन

माझ्या धाकट्या भावाचं पहिलं वजन झालं ते कापसाच्या काट्यावर.

१९९४ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, तीन एकर कोरडवाहू, आणि घरातली सारी माणसं वेचणीत. भाऊ घरीच झाला, रात्री, सुईणीच्या हातून. पाचवीच्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. त्यांच्या पिशवीतून कार्ड निघालं, टोचणीचं सामान निघालं, वजनाचा काटा काही निघेना. तो उपकेंद्रातच राहिला होता, आणि परत जाऊन यायचं म्हणजे चार किलोमीटर पायपीट. त्यांनी अंगणात नजर फिरवली. निंबाच्या फांदीला आमचा काटा टांगलेला होता, कापूस जोखायचा, पन्नास किलोपर्यंत आकडे असलेला. "याच्यावरच पाहू," त्या म्हणाल्या.

आजी उंबऱ्यातूनच ओरडली, "काहो बाई, लेकराले कोनी काट्याले टांगते काय? कापूस होय काय थो?"

पण नर्सबाई खमक्या होत्या. मायच्या जुन्या लुगड्याची झोळी झाली, झोळी हुकाला लागली. पन्नास किलोच्या काट्याला एवढ्याशा जिवाची काय मातब्बरी! सुई जराशी थरथरली आणि दोनच्या थोडी पुढं जाऊन थांबली. कार्डावर लिहिलं गेलं, '२ किलो'. मी नऊ वर्षांची होते. लुगड्याचं एक टोक माझ्या हातात होतं. झोळीतून एक पाय बाहेर आला होता, तो मला अजून दिसतो. उंदराच्या पिल्लासारखा लालसर, आणि घोट्याशी कातडी सैल, ढिला मोजा खाली उतरावा तशी. आजीनं त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दिठ काढली. लेकरू जोखलं की झुरते, असं ती म्हणायची.

तो झुरला नाही. जगला, रांगला, निंबावर चढला, पडला. पण अंग काही धरेना. आजीचा सारा जन्म मग त्याच्या अंगाशी लागला. आला-गेला पाहुणा त्याला बिस्किटाचा पुडा आणायचा, तो पुडा आम्हा बहिणींना मिळत नसे, हे आपलं जाता जाता सांगून ठेवते. बारा वर्षांचा झाल्यावर तो तालुक्याला वसतिगृहात गेला, पुढं आयटीआय केलं आणि बुटीबोरीला एका कारखान्यात लागला. पाळ्यांची नोकरी, खोलीवर चौघं जण, रात्रपाळी सुटली की टपरीवर तर्री-पोहे, सोबत समोसा, वर दोन चहा. गावात सायकलनं फिरणारा पोट्टा तिथं मोटरसायकलशिवाय पाऊल टाकेना. चोविसाव्या वर्षी त्याला पोट सुटलं. हातपाय तसेच, काडीसारखे, आणि मधे मडकं बांधल्यासारखं पोट. पोळ्याला गावी आला तेव्हा बायका म्हणाल्या, "आता कुठी मानसात आला." मायच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलेला आनंद फार कमी वेळा पाहिला आहे. चोवीस वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते अंग एकदाचं आलं होतं.

सत्ताविसाव्या वर्षी त्यानं दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात अर्ज केला. मुलाखत झाली, सगळं जमलं, शेवटी वैद्यकीय तपासणी. तिथून त्याला नुसतं 'अनफिट' कळवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. कागद मागायला तो तीनदा गेला, तिन्ही वेळा गेटवरूनच परत आला. शेवटी आम्ही आमच्या तालुक्यातल्या जुन्या डॉक्टरांकडं जाऊन रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १६८. १२६च्या वर गेली की मधुमेह धरतात. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो. वजन-उंचीचा कुठलाही तक्ता काढा, हा मुलगा त्यात अगदी बरोबर बसतो.

"गोड किती खातोस?" असं आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. या डॉक्टरांनी ते विचारलंच नाही. त्यांनी त्याच्या हाताकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "जन्मला तेव्हा वजन किती होतं याचं?"

मी क्षणभर बोलेचना. मला तो पाय दिसत होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. वाचायची सवय आहे, इंटरनेट आहे, आणि त्या दिवसानंतर झोप नव्हती. वाचता वाचता एक गंमत हाती लागली, तिला गंमत म्हणावं का ते माहीत नाही. ही सगळी विद्या एका नर्सबाईच्या वहीतून निघाली आहे. इंग्लंडातल्या हर्टफर्डशायर परगण्यात सुइणींवर देखरेख करणाऱ्या एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई होत्या. १९११पासून त्यांनी शिस्त घालून दिली, की परगण्यात जन्मलेल्या प्रत्येक लेकराचं वजन वहीत चढलं पाहिजे, आणि वर्षाचं झालं की पुन्हा एकदा. त्या वह्या तशाच राहिल्या. पुढं डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांच्या हाती त्या लागल्या आणि त्यांनी त्या लेकरांचं पुढं काय झालं ते शोधलं. १९८९मध्ये त्यांनी मांडलं, की जे जन्मताना आणि वर्षाचे असताना सगळ्यांत हलके होते, ते पुरुष हृदयविकारानं जास्त मेले. दोनच वर्षांनी निकोलस हेल्स या सहकाऱ्यासोबत त्यांनी दाखवलं, की त्याच परगण्यातल्या चौसष्टीच्या पुरुषांमध्ये जन्माला हलके असलेल्यांच्या रक्तात साखर जास्त सापडते. चौसष्ट वर्षांपूर्वी कुणा सुइणीनं टाकलेला आकडा!

आमच्या नर्सबाईंचं '२ किलो' मला तेव्हापासून वेगळंच दिसायला लागलं.

पण चौसष्टावं वर्ष कुठं आणि सत्ताविसावं कुठं. त्याचं उत्तर इंग्लंडात नव्हतं, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं १९९३मध्ये एक अभ्यास सुरू केला. बायांना दिवस जाण्याच्या आधीपासून त्यांचं खाणं, काम, रक्त, सगळं टिपायला घेतलं. म्हणजे आमच्या अंगणात माझा भाऊ निंबाला टांगला जात होता, त्याच सुमाराला तिकडं त्याच्या वयाची लेकरं नीट काट्यावर, टेपनं, चिमट्यानं मोजली जात होती. तिथली लेकरं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. जवळजवळ पाऊण किलोचा फरक. तो कुठं गेला? मांसात गेला, पोटातल्या अवयवांत गेला. चरबीत मात्र जवळजवळ गेला नाही. खांद्याच्या मागं, पाठीवर चिमटा लावून पाहिलं, तर आपलं किडकिडीत लेकरू चरबीच्या बाबतीत त्या गुबगुबीत लेकराच्या फार मागं नव्हतं. वरून बारीक, आतून चरबीदार. 'थिन-फॅट' हा त्यांचाच शब्द.

हे मी वर्गात सांगायचं ठरवलं तर कपाशीनं सांगेन. भर पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आलेली कपाशी असते आणि पाऊस दडी मारतो. झाड काय करतं? पात्या गाळतं, फुलं गाळतं, असतील ती दोन बोंडं धरून ठेवतं आणि शेंडा हिरवा राखतं. पोटातलं लेकरूही तेच करतं. आलेल्या तुटपुंज्या रसदीतून आधी मेंदूचा वाटा निघतो. मग उरलं तर मांसाचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा, आणि स्वादुपिंडातल्या, साखर आवरणारं इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा. यातल्या काही गोष्टी नंतर भरून निघतात, काही नाही. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या जन्माच्या आधीच ठरते. पुढं कितीही दूध-तूप घाला, एक गाळणी वाढत नाही. नंतर पाऊस आला तरी गळलेल्या पात्या झाडाला परत लागत नाहीत, नव्या आल्या तर आल्या, आणि त्याही उशिरा.

आणि नंतरचा पाऊस फार आला तर? हे दिल्लीच्या अभ्यासानं सांगितलं. १९६९ ते ७२मध्ये तिथं जन्मलेल्या लेकरांना मोठेपणापर्यंत पाहिलं गेलं. ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची सुरुवात होती, ती लहानपणी जाड नव्हती. दोन वर्षांची होईपर्यंत तर बारीकच होती. नंतर, दोन ते बाराच्या दरम्यान, ती आपल्याच जुन्या मापाच्या तुलनेत भराभर भरत गेली होती. बारीक लेकरू मागाहून 'माणसात येणं', हीच ती वाट.

पुण्याची ती लेकरं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. सहाशेएकोणीस जण. मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के जणांची साखर आधीच बिघडलेली होती. आणि याच घोळक्यातले ४८ टक्के वजनानं कमी. हा आकडा मी तीनदा वाचला. खेड्यातली, शेतकऱ्यांची, हडकुळी, अठरा वर्षांची पोरं! ज्यांची साखर बिघडली ती जन्माला लांबीनं आखूड होती, आणि त्यांच्या आयांची साखरही गरोदरपणात थोडी चढी होती. म्हणजे पोटात उपास घडला तरी धोका, आईच्या रक्तात साखर वाढली तरी धोका, आणि आपल्याकडं हे दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. तिथं माझं चुकलं.

रात्रीची जेवणं झाली होती. भाऊ खाटेवर, माय चुलीपाशी भांडी आवरत. मी बोलत होते, लेकरू, रसद, पात्या, सगळं. माय ऐकत होती असं मला वाटलंही नव्हतं. ती हात पुसत वळली आणि म्हणाली, "म्हंजे माह्या पोटातच खोट होती म्हनतं?"

मला काही सुचेना. "तसं नाही माय," एवढंच म्हणाले. ते 'तसं नाही' किती पोकळ होतं ते तिलाही कळलं. वाचलेल्या सगळ्या शोधांत 'आईचं खाणं', 'आईचं रक्त', 'आईची साखर' असं लिहिलेलं असतं. मोजायला गेलेला माणूस आईपाशीच जाऊन थांबतो, कारण लेकरू तिथंच असतं. पण त्या आईच्या ताटात काय पडलं आणि तिच्या डोक्यावर काय ठेवलं गेलं, हे तिच्या एकटीच्या हातात कधी होतं?

थोड्या वेळानं तीच बोलायला लागली, माझ्याकडं न पाहता. दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जायची ती, आमचा कापूस वेचून झाला की. कमरेला ओटी बांधायची, लुगड्याच्या कापडाची. त्यात पाच किलोपर्यंत कापूस मावतो, मग धुऱ्यावर जाऊन ओतायचा. नववा लागला तरी ती बांधतच होती. "आत दोन किलो, बाहेर चार," ती म्हणाली, आणि हसली. मग संध्याकाळी जोखायच्या वेळी मालकाचा माणूस गाठोड्याच्या कापडाचे म्हणून अर्धा किलो कापायचा. "कापड पावशेराचं नसे. अर्धा किलो कापे मेला. रोज भांडो मी त्याच्यासंग." तीस वर्षांनंतरही त्या अर्ध्या किलोवरून तिचा आवाज चढला.

मी ओटी हा शब्द हजार वेळा ऐकला असेल. नवव्या महिन्यात बायका तिची ओटी भरून गेल्या होत्या, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खणाचा कपडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओटी कापसानं भरायला ती वावरात गेली होती. त्या पुण्याच्या अभ्यासात एक निष्कर्ष आहे, तो फारसा कोणी उचलत नाही: गरोदरपणात जिला जड कामं जास्त, तिचं लेकरू लहान. आणि दुसरा असा, की भाकरी किती खाल्ली यापेक्षा हिरवी भाजी, फळं आणि दूध यांचा लेकराच्या अंगाशी जास्त संबंध दिसला. आमच्याकडं बकरी होती. तिचं दूध चहापुरतं, बाकी विकायला. भाज्या मात्र होत्या, अंबाडी, चिवळ, पावसाळ्यात तरोटा. पण सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पातेल्यात भाजी नसते, भाजीचं पाणी असतं.

(इथं एक सांगून ठेवते. याच अभ्यासात दिसलं, की आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल तर सहा वर्षांच्या लेकराचं शरीर इन्शुलिनला कमी दाद देतं. बी-१२ दूध, अंडी, मांस-मासळीतूनच मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. हे वाचून कोणी अंगणवाडीतल्या लोह-फोलेटच्या गोळ्या फेकू नका, त्या लागतातच. गोळीसोबत दुधाचा पेला आणि अंडं लागतं, इतकंच.)

आजीची बाजूही मांडायला हवी, ती आता नाही म्हणून. मायनं सातव्या महिन्यात दुसरी भाकर घेतली की आजी म्हणायची, "जास्त खाशीन त लेकरू वाढते, मंग अडते." शिकलेल्या लोकांना हे ऐकून हसू येतं. मलाही येत होतं. पण आजीची स्वतःची नणंद अडून गेली होती, दोन दिवस कळा देऊन, बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवर. लहानपणी उपाशी राहून खुरटलेल्या बाईचं ओटीपोट अरुंद, दवाखाना चाळीस किलोमीटर, पावसाळ्यात नाल्याला पूर. अशा ठिकाणी लहान लेकरू म्हणजे जिवंत बाई. आजी अडाणी नव्हती. तिच्या हातात जो काटा होता त्याच्यावर तिनं बरोबर जोखलं होतं. तिला फक्त सत्तावीस वर्षांनंतरचं दिसत नव्हतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

भावाचं म्हणाल तर तो आता बरा आहे. गोळी घेतो, रात्रपाळी सोडली, सकाळी शेताला पायी चक्कर मारतो. पोट बरंच उतरलं. एकदा मी त्याला याज्ञिकांचा तो गाजलेला फोटो दाखवला, 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात २००४ साली आलेला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक याज्ञिक, एक लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिनना ९.१ टक्के, याज्ञिकांना २१.२. भाऊ बराच वेळ पाहत राहिला. "म्हंजे डाक्टरही आपल्यातलाच हाय," म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. माझ्या सगळ्या सांगण्यातून त्याला बरं वाटलेली ही एकच गोष्ट.

मागच्या वर्षी भावजयीला दिवस गेले. माय बदलून गेली. तिला अर्धं कळलं होतं, अर्धं तिनं आपल्या मनानं जुळवलं. बकरीचं दूध विकणं बंद. अंडी घरात येऊ लागली, तीही माळ घातलेल्या घरात. माझ्या वडिलांनी एकदा कुरकुर केली, माय म्हणाली, "माळ तुमच्या गळ्यात हाय, तिच्या पोटात नाही." ओझं उचलू देईना. पण भावजयीला आमच्या घरात येऊन वर्षच झालं होतं, आणि तिच्या आधीच्या तेवीस वर्षांत तिनं काय खाल्लं ते तिच्या गावाला ठाऊक. मुंबईच्या वस्त्यांतल्या बायांना भाजी, फळं आणि दुधाचा खाऊ रोज देऊन पाहिला होता, त्यातही लेकराच्या वजनात फरक पडला तो दिवस जायच्या तीन महिने आधीपासून खाऊ सुरू झालेल्यांच्या. म्हणून मी आता शाळेत सातवी-आठवीच्या पोरींच्या डब्यात डोकावते. पोरींना वाटतं बाई खादाड आहेत.

पौषात मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, २ किलो ४५०. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५पासून एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात लेकरांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावली, ते काम पुढं देशभरच्या आशाताईंच्या हाती आलं. आमच्या आशाताईंच्या पिशवीत निळी झोळी होती आणि छोटा रंगीत काटा. कोणी निंबाकडं पाहिलं नाही. निंब आता नाहीही, रस्त्यात गेला.

भाऊ दारात उभा होता, आत येईना. भावजयीनं लेकराला झोळीत ठेवलं, आशाताईंनी काटा डोळ्यांच्या रेषेत धरला. पोरगी रडली नाही. काटा पिवळ्या पट्ट्यात थांबला.

"२ किलो ४००," आशाताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात जरासं उतरते, घाबरू नका. दूध चांगलं ओढते न?"

माय पुढं झाली. चष्मा नव्हता, तरी काट्यापाशी डोळे नेऊन तिनं सुई पाहिली, मग झोळी पाहिली, झोळीचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "झोळीचं वजन कापलं काय?"